काखेती: ओलिसांवर तगलेलं आणि ओलिसांपायीच बुडालेलं राज्य

जुन्या गोव्यात बॉम जेझुसकडून मोंते सांतोची टेकडी चढून गेलं की सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा जांभ्या दगडाचा मनोरा दिसतो. सेहेचाळीस मीटर उंच, अर्धा ढासळलेला. १८३५ मध्ये मठ रिकामा झाला, १८४२ मध्ये छत कोसळलं, आणि १९३१ मध्ये दर्शनी भागही पडला. बहुतेक पर्यटक मनोऱ्याचे फोटो काढतात आणि पायाखालच्या कोरीव थडग्यांवरून चालत परत जातात. मी मात्र तिथे दर वेळी एका खिडकीपाशी थांबते. पोर्तुगीज कागदपत्रांत नोंद आहे की मठाच्या चॅप्टर चॅपेलमध्ये, दुसऱ्या खिडकीशी, एका दगडी पेटीत एका राणीचे अवशेष ठेवले आहेत. ही राणी काखेतीची, नाव केतेवान. काखेती म्हणजे कॉकेशस पर्वताच्या पायथ्याचं, आजच्या जॉर्जियाच्या पूर्वेकडचं एक छोटं राज्य. शिराझमध्ये ओलीस असताना १६२४ मध्ये तिला हाल हाल करून मारलं गेलं, आणि तीन वर्षांनी तिची हाडं गोव्याला आली.

या एका पेटीच्या मागे अख्ख्या राज्याचा उदय आणि अस्त आहे. काखेतीचे राजे शे-दीडशे वर्षं एकाच युक्तीवर तगून होते: पोटचं माणूस पाठवायचं आणि राज्य वाचवायचं. ही युक्ती कुठपर्यंत चालली आणि कुठे उलटली, तेच इथे तपासायचं आहे.

राज्य कसं जन्मलं

राणी तामारच्या काळात, म्हणजे ११८४ ते १२१३ या वर्षांत, जॉर्जिया एकसंध आणि बलाढ्य होता. पुढे मंगोल आले आणि त्यांच्यानंतर १३८६ ते १४०३ या काळात तैमूरच्या एकामागून एक स्वाऱ्या झाल्या. त्यातून देश सावरलाच नाही. सरदार डोईजड झाले, बाग्रातिओनी राजघराण्याच्या शाखा एकमेकांवर उठल्या. १४६३ मध्ये चिखोरीच्या लढाईत राजा आठवा गिओर्गी हरला, दोन वर्षांनी एका मांडलिकाने त्यालाच कैद केलं. सुटल्यावर मोठं सिंहासन हाताशी राहिलं नव्हतं. तेव्हा त्याने पूर्वेकडच्या काखेतीत बस्तान बसवलं आणि तिथे पहिला गिओर्गी म्हणून राज्य सुरू केलं. १४९० मध्ये दरबाराने फाळणी मान्य केली आणि कार्तली, काखेती, इमेरेती अशी तीन राज्यं झाली.

हरलेल्या राजाने उभं केलेलं हे राज्य, पण पाया त्याने विचारपूर्वक घातला. देश ज्यांनी फोडला त्या वंशपरंपरागत बड्या सरदारक्या त्याने मोडल्या आणि मुलूख लहान लहान भागांत वाटून प्रत्येकावर राजाने नेमलेला 'मोउरावी' बसवला. सैन्याच्या तुकड्या निशाणांप्रमाणे बांधल्या; त्यातल्या काही निशाणांचं नेतृत्व बिशपांकडे होतं. शेजारच्या कार्तलीत सरदारांचा उपद्रव चालूच राहिला. काखेतीत राजाचा शब्द जास्त चालायचा, याचं कारण या पहिल्या पिढीच्या कामात आहे.

तरीही घरातलं विष होतंच. १५११ मध्ये दुसऱ्या गिओर्गीने बापाला, म्हणजे राजा अलेक्सांद्रेला, मारलं आणि भावाचे डोळे काढले. लोकांनी त्याचं नाव 'दुष्ट गिओर्गी' ठेवलं. दोनच वर्षांत तो कार्तलीच्या हाती सापडून संपला आणि काखेती कार्तलीच्या पोटात गेलं. त्याचा लहानगा मुलगा लेवान एकनिष्ठ सरदारांनी लपवून वाढवला आणि काही वर्षांत त्याला गादीवर बसवलं.

चांगले दिवस

लेवानने १५७४ पर्यंत, पन्नासहून अधिक वर्षं राज्य केलं. अलाझानी नदीचं खोरं सुपीक, द्राक्षाचे मळे दूरवर पसरलेले. जमिनीत पुरलेल्या मोठ्या मातीच्या रांजणांत, क्वेव्रींत, वाइन करण्याची पद्धत तिथे आजही आहे. २०१३ मध्ये युनेस्कोने तिला वारशाच्या यादीत घेतलं. पण राज्याची तिजोरी भरली ती रेशमाने. तुतीच्या झाडांवर किडे पाळायचे, रेशीम काढायचं आणि शिरवान-गिलानकडच्या व्यापाऱ्यांना विकायचं. ग्रेमी ही राजधानी याच वाटेवर होती.

ग्रेमीच्या टेकडीवर लेवानने १५६५ मध्ये पुरं केलेलं देवदूतांचं चर्च अजून उभं आहे. आराखडा जॉर्जियन, घुमट जॉर्जियन, पण बांधकाम विटांचं आणि कमानींची ठेवण इराणी. आतल्या भिंतीवर चर्चची प्रतिकृती हातात घेतलेला लेवान रंगवलेला आहे आणि तो तिथेच पुरलेला आहे. टेकडीच्या पायथ्याशी बाजार, सराई आणि हमामखान्याचे नुसते चौथरे उरले आहेत. राज्य कुणाकुणाशी कसं जमवून घेत होतं ते या विटांतच दिसतं.

१५५५ मध्ये अमास्या येथे तुर्कांचं उस्मानी आणि इराणचं सफवी या दोन साम्राज्यांनी तह केला आणि जॉर्जिया आपसात वाटून घेतला. पश्चिमेकडची राज्यं तुर्कांच्या वाट्याला, काखेती आणि कार्तली इराणच्या वाट्याला. ज्यांच्या जमिनीची वाटणी होत होती त्यांना कुणी विचारलं नाही. कार्तलीचा राजा लढत राहिला. लेवानने दुसरा मार्ग घेतला. शाह तहमास्पला नजराणे दिले, मान तुकवली आणि आपला मुलगा इएसे त्याच्या दरबारात ओलीस म्हणून पाठवला. तिथे तो मुसलमान झाला. बदल्यात काखेती शाबूत राहिलं, चर्चं राहिली, रेशमाचा व्यापार वाढला. रशियाच्या झारकडून सैन्याची एक तुकडीही लेवानने आणवली होती. शाहाने डोळे वटारताच ती परत पाठवली. लेवानला लवचिकपणाची मर्यादा माहीत होती. किती वाकायचं आणि कुठे थांबायचं हे ज्याला कळलं असा काखेतीचा तो शेवटचा राजा, असं माझं मत आहे.

परत आलेला मुलगा

लेवाननंतर त्याचा मुलगा दुसरा अलेक्सांद्रे आला. याने १५८७ मध्ये झार फ्योदोरशी निष्ठेची शपथ लिहून दिली. मॉस्कोहून वकील आले, पाद्री आले, आश्वासनं आली. कामाला येईल एवढं सैन्य कधी आलं नाही, कारण मधला सगळा डोंगराळ दागेस्तान शत्रूच्या हातात होता. इकडे अलेक्सांद्रेचा मुलगा कोन्स्तान्तिने लहानपणापासून इराणी दरबारात ओलीस होता. तिथे वाढला, तिथलाच धर्म घेतला, शाह अब्बासचा विश्वासू झाला.

१६०५ मध्ये शाहाने त्याला फौजेसह काखेतीला धाडलं. सांगण्यापुरतं कारण होतं तुर्कांविरुद्ध शिरवानवर स्वारी, त्यात बापाने साथ द्यायची. बाप चालढकल करत राहिला. १२ मार्च १६०५ रोजी द्झेगामीला कोन्स्तान्तिनेने भेटीला आलेल्या बापाला आणि सख्ख्या भावाला कापून काढलं. रशियाचे वकील त्या वेळी काखेतीतच होते.

मराठी वाचकाला इथे शाहू महाराज आठवतील. तेही लहानपणी मुघलांच्या छावणीत गेले, अठरा वर्षं तिथे वाढले आणि १७०७ मध्ये परत येताच राज्य दुभंगलं. पण शाहू मुघलांचे होऊन परतले नाहीत. कोन्स्तान्तिने मात्र शाह अब्बासचा होऊनच आला. ओलीस ठेवण्याच्या व्यवहारात ही जोखीम आधीपासून असते: दिलेलं मूल आणि परत येणारा माणूस एकच असेल याची हमी कुणी देत नाही.

आता केतेवान पुढे येते. ती मुख्रानीच्या बाग्रातिओनी घराण्यातली, अलेक्सांद्रेच्या दाविद नावाच्या मुलाची विधवा. दीर गादीवर बसला, आणि त्याने तिला लग्नाची मागणी घातली असं सांगतात. तिने सरदार गोळा केले, फौज उभी केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या लढाईत कोन्स्तान्तिने मारला गेला. शाह अब्बासच्या माणसाला मारून नंतर त्याच्याच दरबाराशी बोलणी करायची, याला धैर्यही लागतं आणि डोकंही लागतं. तिने दोन्ही दाखवलं. तिचा मुलगा तेइमुराझ इराणमध्येच वाढत होता. त्याला राजा करा, आम्ही मांडलिक राहतो, असा निरोप गेला. शाह तुर्कांशी लढण्यात गुंतला होता, त्याला मागे आणखी एक आघाडी नको होती. १६०६ मध्ये सोळा-सतरा वर्षांचा तेइमुराझ काखेतीचा राजा झाला.

या सगळ्यात केतेवान जिंकली, आणि तिच्याबरोबर तिच्या मुलाच्या मनात एक समजूत घट्ट बसली असावी: शाहाशी बोलता येतं, तो शेवटी तडजोडीला येतो.

१६१४: तीन मागण्या

प्रकरणाचा गाभा हाच, म्हणून जरा थांबून पाहू.

१६१२ मध्ये इराण आणि तुर्कस्तान यांच्यात नासुह पाशाचा तह झाला आणि शाह अब्बासचे हात मोकळे झाले. त्याच वर्षी तेइमुराझचं कार्तलीचा राजा लुआर्साब याच्या बहिणीशी, खोराशानशी, लग्न झालं. दोन जॉर्जियन राज्यं सोयरीक करून जवळ येत आहेत, हे शाहाला खटकलं. रेशमाच्या व्यापारावर आपला एकछत्री ताबा असावा हा त्याचा मोठा बेत होता आणि त्या नकाशात काखेती अडचणीच्या जागी होतं. सात वर्षांपूर्वी ज्या परिस्थितीमुळे तडजोड झाली, ती परिस्थितीच आता उरली नव्हती.

मागणी आली: निष्ठेची खूण म्हणून ओलीस पाठवा. तेइमुराझने धाकटा मुलगा अलेक्सांद्रे आणि त्याच्यासोबत आई केतेवान यांना पाठवलं. शाहाचं समाधान झालं नाही, थोरलाही हवा म्हणाला. लेवान नावाचा थोरलाही गेला. मग तिसरा निरोप आला: आता तू स्वतः ये. तिथे तेइमुराझ थांबला. १६१४ च्या वसंतात इराणी फौजा आल्या, तो पळून इमेरेतीला गेला. काही काळाने लुआर्साब शाहाच्या शब्दावर विसंबून स्वाधीन झाला आणि पुढे १६२२ मध्ये शिराझजवळच्या किल्ल्यात त्याला मारलं गेलं.

तेइमुराझने आईला पाठवायला नको होतं, असं सहज म्हणता येतं. मला तसं वाटत नाही. आजोबा-पणजोबांनी हेच केलं होतं आणि त्यांचं राज्य टिकलं होतं. लेवानच्या हिशोबात ओलीस हा मांडलिकीचा तारण-माल होता. कर्ज फेडत राहिलं की माल सुरक्षित. तेइमुराझची चूक आई पाठवण्यात नव्हती. १६१२ नंतर शाहाला तारण नको होतं, जमीनच हवी होती, हे ओळखायला तो चुकला. दुसरी मागणी आली तेव्हा तरी ते कळायला हवं होतं. ज्याला खरोखर तारण हवं असतं तो एका मुलावर थांबतो.

शाहाने इस्लाम स्वीकारलेला बाग्रातिओनी घराण्यातलाच एक राजपुत्र, इसा खान, काखेतीवर बसवला. १६१५ मध्ये काखेतीत उठाव झाला. मग शाह स्वतः परत आला आणि १६१६ मध्ये जे घडलं त्याला लढाई म्हणणं कठीण आहे. शाहाचाच दरबारी इतिहासकार इस्कंदर बेग मुन्शी लिहितो की साठ-सत्तर हजार लोक मारले गेले आणि एक लाखाहून जास्त कैद करून नेले. आकडा फुगवलेला धरला तरी काखेतीसारख्या छोट्या मुलखात त्याचा अर्थ एकच होतो: दरी रिकामी झाली. ग्रेमी उद्ध्वस्त झालं ते पुन्हा राजधानी म्हणून उठलंच नाही. राजधानी पुढे तेलावीला गेली.

नेलेल्या लोकांपैकी अनेकांना कास्पियन किनाऱ्यावरच्या माझंदरानमध्ये वसवलं, शाहासाठी रेशीम पिकवायला. काहींना इस्फहानच्या पश्चिमेला फेरेदानच्या डोंगराळ भागात. तिथल्या फेरेदुनशहरमध्ये आजही लोक घरात जॉर्जियन बोलतात. धर्म चारशे वर्षांपूर्वी बदलला, भाषा राहिली.

गादी गेली तर परत मिळते. काखेतीने ती तोपर्यंत दोनदा परत मिळवली होती. किल्ले पडले तर बांधता येतात. शाह अब्बासने राज्याची माणसंच उचलून नेली. रेशीम काढणारे हात नेले, मळे राखणारी घरं नेली. काखेतीचा खरा अंत मी १६१६ मानते. त्यानंतर १८०१ पर्यंत जे चाललं ते उरलेल्या लोकांनी तग धरल्यामुळे चाललं.

शिराझ

केतेवान दहा वर्षं शिराझमध्ये कैदेत होती. नातू आधी तिच्याजवळ होते. पुढे दोघांना खच्ची करण्यात आलं. धाकटा अलेक्सांद्रे त्यातून वाचला नाही आणि लेवानचं डोकं फिरलं. हे तिला कळवलं गेलं नव्हतं असं सांगतात.

शिराझचा सुभेदार इमाम कुली खान. हा स्वतः जॉर्जियन वंशाचा, बाप अल्लाहवेर्दी खान गुलाम म्हणून आला आणि सफवी राज्यातला सर्वांत मोठा सेनापती झाला. म्हणजे जॉर्जियन राणी, तिचा जॉर्जियन तुरुंगाधिकारी, आणि दोघांवर हुकूम चालवणारा इस्फहानचा शाह. याच इमाम कुली खानाने १६२२ मध्ये इंग्रजांच्या मदतीने पोर्तुगीजांकडून होर्मुझ घेतलं होतं. पुढच्या वर्षी काही पोर्तुगीज ऑगस्टीनियन पाद्री शिराझला आले. त्यांच्यात आंब्रोसियो दोस आंजोस होते. ते राणीला भेटत असत.

१६२४ च्या सप्टेंबरमध्ये शाहाचा हुकूम आला: इस्लाम स्वीकार, नाहीतर मर. तिने नकार दिला. लालबुंद तापवलेल्या सळ्या आणि चिमटे यांनी तिला मारण्यात आलं. लिस्बनच्या ग्रासा मठात निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर तो प्रसंग चितारलेला आहे. पाद्र्यांनी नंतर तिचे अवशेष गुपचूप उकरून काढले, त्यातला काही भाग तिच्या मुलाकडे जॉर्जियात पोचवला आणि काही भाग १६२७ मध्ये गोव्याच्या आपल्या मठात ठेवला.

तेइमुराझ तेव्हा पस्तिशीचा होता. तो कवी होता, आणि चांगला कवी. फारसीच्या गोडव्याने आपल्याला काव्याची ओढ लावली असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. लैला-मजनू, युसुफ-झुलेखा त्याने जॉर्जियनमध्ये आणले. ज्या दरबाराने त्याला ही भाषा दिली त्याच दरबाराने त्याची आई आणि मुलं नेली. आईच्या हौतात्म्यावर त्याने १६२५ मध्ये एक दीर्घकाव्य लिहिलं. मला त्याच्या राजकारणाचा अनेकदा राग येतो, या माणसाचा येत नाही.

घसरण

१६२५ च्या मार्चमध्ये मार्त्कोपीला गिओर्गी साआकाद्झे या जॉर्जियन सरदाराने शाहाच्या फौजेतूनच उलटून तिचा सेनापती कारचिकाई खान मारला आणि मोठा उठाव पेटवला. काही महिने वाटलं की सगळं परत मिळेल. त्याच उन्हाळ्यात माराब्दाला जॉर्जियन हरले, तरी गनिमी काव्याने त्यांनी शाहाला इतकं दमवलं की तेइमुराझ कार्तली आणि काखेती दोन्हींचा राजा मान्य झाला. आणि १६२६ मध्ये बाझालेतीला तेइमुराझ आणि साआकाद्झे एकमेकांवर चालून गेले. साआकाद्झे तुर्कांकडे पळाला, तिथेच पुढे मारला गेला. काखेतीच्या इतिहासात मला सर्वांत असह्य वाटणारं पान हे आहे. दहा वर्षांपूर्वीचं दुःख इतकं ताजं असताना दोघांनी एकमेकांचं रक्त सांडलं.

पुढची गोष्ट थोडक्यात. १६४८ मध्ये तेइमुराझचा उरलेला मुलगा दाविदही लढाईत पडला. म्हातारा राजा १६५८ मध्ये मॉस्कोला मदत मागायला गेला आणि रिकाम्या हाताने परतला. १६६३ मध्ये तो इराणमधल्या अस्त्राबादच्या कैदेत मेला. त्याला आणून अलावेर्दीच्या अकराव्या शतकातल्या कॅथेड्रलमध्ये पुरलं.

दरम्यान इराणने रिकाम्या काखेतीत हजारो तुर्कमान कुटुंबं वसवायला घेतली. १६५९ मध्ये तुशेती, फ्शावी, खेव्सुरेतीचे डोंगरी लोक खाली उतरले आणि बाख्त्रिओनीचा किल्ला आणि अलावेर्दी घेतलं. उठावाचे नेते बिद्झिना चोलोकाश्विली, शाल्वा आणि एलिझ्बार पुढे हाल करून मारले गेले. पण वसाहतीचा बेत मोडला. ज्यांना राजे नीट ओळखतही नव्हते अशा मेंढपाळांनी काखेती वाचवलं, आणि तुश लोकांना त्याबद्दल अलवानीची कुरणं मिळाली. ती आजही त्यांच्याकडे आहेत.

अठराव्या शतकात एरेक्ले हा काखेतीचा शेवटचा मोठा राजा. तरुणपणी त्यालाही इराणच्या चाकरीत जावं लागलं; नादिरशाहाच्या १७३९ च्या दिल्ली स्वारीत तो जॉर्जियन तुकडी घेऊन होता. नादिरशाहाने १७४४ मध्ये त्याला काखेतीची आणि बाप दुसऱ्या तेइमुराझला कार्तलीची गादी दिली. १७६२ मध्ये बाप वारला, एरेक्लेने दोन्ही एकत्र केली आणि काखेती हे स्वतंत्र नाव संपलं. १७८३ मध्ये गिओर्गीएव्स्कच्या तहाने त्याने रशियाचं संरक्षण घेतलं. १७९५ मध्ये इराणच्या आगा मोहम्मद खानाने तिब्लिसी जाळलं तेव्हा हे संरक्षण कुठेच नव्हतं. १७९८ मध्ये एरेक्ले तेलावीच्या वाड्यात वारला, जिथे त्याचा जन्म झाला होता. तीन वर्षांनी रशियाने राज्यच खालसा केलं आणि १८०२ मध्ये सरदारांना सैनिकांच्या वेढ्यात उभं करून झारशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली.

खिडकी

जॉर्जियन लोक ही पेटी विसरले नव्हते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचं पहिलं पथक गोव्याला आलं. अनेक शोध रिकामे गेले. पोर्तुगीज नोंदींवरून चॅपेलची जागा आणि ती खिडकी नक्की होऊन २००४ मध्ये पुरातत्त्व खात्याला तिथे हाताचं एक हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत डीएनए तपासला. आईकडून येणारा जो वंशगट त्यात आढळला तो भारतातल्या हजारो नमुन्यांत सापडला नाही, जॉर्जियात मात्र सापडतो.

जुलै २०२१ मध्ये परराष्ट्र मंत्री एस. जयशंकर यांनी तिब्लिसीच्या सामेबा कॅथेड्रलमध्ये अवशेषांचा एक भाग जॉर्जियाच्या धर्मगुरूंच्या हाती दिला. उरलेला भाग भारतातच राहिला.